कमी उंचीची, भक्कम वस्तू

४ जानेवारी

प्रिय वहिनी,

कोर्टानं तुझं आणि दादाचं नातं संपवलं. नणंद-भावजयीचं संपल्याचा कागद मला आलेला नाही. तो येईपर्यंत तू वहिनी. नावानं हाक मारून पाहिली, भिंतीकडे बघून. जीभ वळत नाही.

तुझी अट मान्य आहे. फोन नाही, येणंजाणं नाही, पत्रात फक्त पुस्तकाचं. तब्येत, घर, माणसं, मागचं काही, एक ओळ नाही. एवढं पाळलं तर तू तुझी तीन प्रकरणं लिहून देणार. पाळीन.

तर पुस्तकाचं. प्रकाशकांना वाढवलेली आवृत्ती हवी आहे. म्हाताऱ्या माणसांनी घरात पडू नये म्हणून लिहिलेलं पुस्तक इतकं खपेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आपल्याला वाटलं होतं. जुनी प्रकरणं तशीच राहतील, नवी सहा: तीन तुझी, तीन माझी. वाटणी पूर्वीसारखीच. शरीराचं तू, भिंतींचं मी.

अडचण एक आहे. आपण दोघींनी पाठवलेली नमुन्याची पानं संपादकानं वाचली आणि मला बोलावून घेतलं. म्हणाला, "बाई, राग मानू नका. पहिलं पुस्तक वाचताना एकच बाई बोलतेय असं वाटायचं. आता दोन वेगळ्या खोल्यांतून आवाज येतोय."

"दोन वेगळ्या खोल्याच आहेत," मी म्हटलं.

राग आला, पण तो बरोबर आहे. तेव्हा आपण जेवणाच्या टेबलाशी बसून प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचायचो आणि आई खुर्चीतून ऐकायची. तिला पटलं नाही की चष्म्याची डबी खुर्चीच्या हातावर आपटायची. टक्. वाक्य गेलं. 'वृद्धांनी विशेष काळजी घ्यावी' या वाक्याला तिनं डबीच फेकून मारली होती. तुझं वाक्य होतं ते. माझ्यावर ढकलून तू साफ नाकबूल गेलीस.

ते टेबल आता नाही. म्हणून मी एआय वापरायचं म्हणते. पहिलं पुस्तक त्याला वाचायला द्यायचं, मग नवी पानं त्या आवाजात आहेत का ते तपासून घ्यायची. जिथे नसतील तिथे बसवायची. माहिती आपली, सूर एक. हो की नाही, एवढंच कळव.

तुझी नणंद


१९ जानेवारी

प्रिय वहिनी,

'हो. माझ्या माहितीला हात लावायचा नाही.' पोचलं.

सुरुवातीला त्याला आपली ओळख करून द्यावी लागली. लिहिलं, एक फिजिओथेरपिस्ट आहे, ती लोकांना उठायला-बसायला शिकवते. एक आर्किटेक्ट आहे, ती लोकांची घरं त्यांच्या गुडघ्यांना परवडतील अशी करून देते. दोघींनी मिळून एक पुस्तक लिहिलं आहे. हे घे, वाच, आणि या दोघी कशा बोलतात ते सांग.

त्यानं एक पान लिहून दिलं. ते मी उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं.

पुस्तक वाचणाऱ्याला 'तुम्ही' म्हणतं, त्याचं वय काढत नाही. वाक्य वस्तूपासून सुरू होतं, माणसापासून नाही: पायपुसणं सरकतं, नळ दूर असतो, उंबरा दिसत नाही. त्यामुळे पडण्याचा दोष वाचणाऱ्याकडे येत नाही, वस्तूकडे जातो. भीती घालणारं वाक्य आलं की लगेच पुढच्या वाक्यात हाताला धरायला काहीतरी दिलेलं असतं.

वहिनी, हे आपण ठरवून केलं नव्हतं. पण केलं होतं. पुस्तकाला एवढी पत्रं आली, त्या चौकटीत घालून भिंतीवर लावलेल्या परीक्षणात आपली एवढी तारीफ झाली, पण आपण नक्की काय करतो ते कुणी सांगितलं नव्हतं. मला त्या दुपारी फार भारी वाटलं. हे पुस्तकाबद्दलच आहे, म्हणून लिहिते.

मग माझंच 'दरवाजे' प्रकरण आधी घातलं. त्यानं एका परिच्छेदावर बोट ठेवलं: 'इथे लेखिका रागावलेली वाटते. पहिल्या पुस्तकात लेखिका कधी रागावत नाहीत.' मी बिल्डरांच्या अकलेबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. काढल्या. आता तिथे आहे: 'बाथरूमची कडी आतून लागते आणि बाहेरून उघडत नाही. ती कडी बदला.' जास्त लागतं, नाही?

त्या पानावरचा शेवटचा नियम माझा लाडका आहे. 'लेखिका स्वतः कुठे दिसत नाहीत. स्वतःबद्दल बोलत नाहीत, आपल्या पुस्तकाबद्दलही बोलत नाहीत.' खरंच आहे. सगळे हल्ली स्वतःबद्दल लिहितात. आपण नाही. त्याच्याखाली मी जोडलं: याला अपवाद नाही.

आईला वाचून दाखवणं थांबवलंय. तिच्याबद्दल लिहायचं नाही हे ठाऊक आहे. पण ती डबी पुस्तकाचा भाग होती, म्हणून कळवते. तिचं काम आता हे करतं, आणि काही फेकून मारत नाही.

तुझी नणंद


२७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पहिली दोन प्रकरणं वेळेत आली, तिसऱ्यानं वाट पाहायला लावली. तू आणि उशीर? संपादक रोज विचारत होता. मी त्याला म्हटलं, तिच्या घड्याळावर लोक आपली घड्याळं लावतात, थांबा जरा.

कराराचा कागदही आला. पहिल्या पुस्तकावर दोघींचं आडनाव एक, तेव्हा लोक आपल्याला सख्ख्या बहिणी समजायचे आणि तू ते खोडून काढायची नाहीस. आता सहीत माहेरचं आडनाव आहे. ठीक. पण अक्षरही बदललंस की काय? पहिलीतल्या पोरीनं गिरवल्यासारखं दिसतंय.

असो. 'जमिनीवरून उठताना' हे प्रकरण गुरुवारी संध्याकाळी मिळालं, आणि शुक्रवारी ते संपादकाच्या टेबलावर हवं होतं. आल्या आल्या आवाजात बसवून घेतलं आणि पुढे पाठवलं. नंतर शांतपणे छापून वाचलं.

काय लिहिलंयस! 'एक हात कामाचा नसेल तर गुडघ्यांवर येण्याची खटपट करू नका. बसा. बसल्या जागेवरून मागे सरका. कमी उंचीची, भक्कम वस्तू शोधा. तिच्यावर बसा. मग तिच्याहून उंच वस्तूवर.' एक शब्द जास्त नाही. 'कमी उंचीची, भक्कम वस्तू' हे तर मी फळ्यावर लिहून ठेवलंय. ऑफिसमधली मुलं विचारतात, बाई, हे कुठल्या साइटचं सामान?

संपादकाचा निरोप आला: 'आता एकच बाई बोलतेय.' मला विचारशील तर हे प्रकरण आपल्या आवाजात इतकं चपखल बसलंय की तू यात कुठे आहेस ते शोधूनही सापडत नाही. याच्यापेक्षा मोठी शाबासकी मला देता येत नाही.

तुझी नणंद


१५ मार्च

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. 'माझं नाव पुस्तकावरून काढ. प्रकरणं राहू देत, नाव नको. जमिनीवरचं प्रकरण तू वाचलंस असं तुझ्या पत्रावरून वाटत नाही. वाचून तसं लिहिलं असशील तर जास्तच वाईट.'

मी वाचलं आहे. दोनदा. तुझी माहिती जशीच्या तशी आहे, एकही पायरी मागेपुढे झालेली नाही. तशी मी त्याला ताकीदच दिली होती. तुला नेमकं काय झोंबलं ते तरी लिही. असं तोडून टाकायची तुझी सवय मला नवीन नाही, पण पुस्तकाला ती लावू नकोस. पुस्तकानं तुझं काही वाकडं केलेलं नाही.

आणि नाव निघणार नाही. माझ्या एकटीच्या नावानं हे पुस्तक छापलं तर पहिल्याच पानावर खोटं छापल्यासारखं होईल. गुडघा कसा वाकतो ते मला तुझ्यामुळे कळलं. उंबरा किती घातक असतो ते तुला माझ्यामुळे. मी मिंधेपणानं लिहीत नाहीये. हे पुस्तक चांगलं आहे आणि ते दोघींचं आहे. दोन्ही गोष्टी मी कुणासमोरही सांगेन.


त्याच दिवशी, संध्याकाळी

वरचं पत्र पाकिटात घातलं होतं. बाहेर काढलं.

पाठवण्याआधी तुझं मूळ प्रकरण उघडलं. तू पाठवलेलं, कुणी हात न लावलेलं. दोन्ही शेजारीशेजारी ठेवून तुला विचारणार होते, दाखव, कुठे बदल झाला.

पहिल्याच ओळीत.

तुझंच तुला लिहून पाठवते आहे, कारण हे मी आज पहिल्यांदा वाचलं:

'रविवारी दुपारी मी बाथरूममध्ये पडले. उजवं मनगट मोडलं; मोडताना ऐकू आलं. इतकी वर्षं मी माणसांना जमिनीवरून उठायला शिकवते. आमच्या पहिल्या पुस्तकात चित्रांसकट रीत दिली आहे: कुशीवर वळा, कोपरावर या, गुडघे टेका, खुर्ची धरा. मी तेच केलं. हात टेकला आणि डोळ्यांपुढे अंधार आला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. ती रीत दोन्ही हात धड असलेल्या माणसासाठी लिहिलेली आहे. ती आम्ही लिहिली आहे. हाक मारायला घरात कुणी नव्हतं, आणि हाक मारण्याची सवयही राहिली नव्हती. मग टॉवेल बुडाखाली घेऊन बसल्याबसल्या मागे सरकत निघाले. खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं तेव्हा पलंगाशी पोचले. पलंग उंच. कोपऱ्यात पहिल्या पुस्तकाच्या प्रतींचा गठ्ठा पडला होता, सुतळीसुद्धा न सोडलेला. तो पायानं ओढला. त्याच्यावर बसले. तिथून पलंगावर. पुस्तकाचा उपयोग झाला.'

कमी उंचीची, भक्कम वस्तू.

ती फळ्यावर आहे अजून. उद्या पुसेन.

आता कसं झालं ते सांगते. सांगायची हौस नाही, पण तुला वाटेल यंत्रानं केलं, आणि ते खरं नाही. त्या गुरुवारी तुझं प्रकरण घातल्यावर एआयनं काम थांबवून विचारलं होतं. ते अजून तिथे आहे: 'हा भाग लेखिकेचा स्वतःचा अनुभव दिसतो, आणि अलीकडचा असावा. आवाजाच्या नियमांत बसवला तर तो राहणार नाही. पहिल्या पुस्तकातली रीत अपुरी असल्याचं इथे म्हटलं आहे, तेही जाईल. आधी त्यांच्याशी बोलून घ्याल का?' त्याच्याखाली माझं उत्तर: 'अपवाद नाही. बसव.' मी 'आवाजाच्या नियमांत' इथपर्यंतच वाचलं असणार. ते शब्द दिसले की मला पुढचं वाचायची गरज वाटत नसे. माझेच लाडके नियम ना ते.

मग त्यानं सांगितल्याप्रमाणे केलं. पायऱ्या ठेवल्या, बाई काढली.

फक्त पुस्तकाबद्दल लिहायचं असं आपलं ठरलं होतं. म्हणून तू पुस्तकातच लिहिलंस. आणि मी उलट टपालानं कळवलं, की सुंदर, तू कुठेच सापडत नाहीस.

उशीर आणि ती सही. डाव्या हातानं.

मी आज काय केलं ते लिहीत नाही. ते पुस्तकाबाहेरचं आहे.


२१ मार्च

वहिनी,

आता मीच अट मोडते. तू पत्र फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच.

आईला दोन्ही वाचून दाखवली. आधी बसवलेलं. तिसऱ्या पानावर ती झोपली. जागी झाल्यावर म्हणाली, "चांगलं असेल हं. झोप छान लागली."

मग तुझं मूळ काढलं. एक वाक्य वाचलं आणि तिनं मान वर केली.

"कोण पडलं?"

"वहिनी."

"कुठली वहिनी?"

"माझी. तुझी सून."

"मग तसं सांग ना, मेली कोड्यात काय बोलतेस! कधी? पुढे वाच."

वाचत गेले. मध्ये दर वाक्याला, "मग? उठली का? उठली कशी?" मी म्हटलं, "आई, ऐकशील तर कळेल." "तू भरभर वाच म्हणजे कळेल." गठ्ठ्यापर्यंत आले तेव्हा तिनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय. हसत होती. "पुस्तकावर बसली! अगं, पुस्तकावर बसली!" हसता हसता मग डोळे पुसले, आणि एकदम कडक आवाजात म्हणाली, "मनगट कुणी बघितलं तिचं?"

"ते यात नाही."

"नाही म्हणजे? विचार तिला."

"विचारायचं नाही असं ठरलंय."

"कुणाचं ठरलंय? माझं नाही ठरलेलं." मग, "आणि हे आधीचं झोपेचं औषध कुणी केलं? तुझ्या त्या मशीनवालीनं? हाकल तिला."

"तिनं विचारलं होतं गं. मीच ऐकलं नाही."

थोडा विचार केला तिनं. "मग तिला ठेव. हाकलायचंच असेल तर दुसरं कुणीतरी आहे."

हे झालं घरातलं. आता पुस्तकाचं, आणि इथे मी जरा बसून लिहिते.

काल संपादकाकडे गेले. तुझं मूळ प्रकरण त्याच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, हे जाईल, शब्दाला शब्द. त्यानं वाचलं. मग म्हणाला, "फार चांगलंय, बाई. पण सूर मोडतो. सगळं पुस्तक एका आवाजात, आणि मध्येच एक बाई पडते?"

"बाया अशाच पडतात," मी म्हटलं. "मध्येच."

"वाचणारा दचकेल."

"दचकू दे."

"आणि पहिल्या पुस्तकातली रीत अपुरी आहे, हे आपणच छापायचं? खपतंय ते अजून."

"खपतंय म्हणूनच छापायचं. जेवढ्या घरांत पुस्तक गेलंय तेवढ्या घरांत ती रीत गेली आहे. त्यातल्या कुणाचं मनगट मोडेल तेव्हा त्याच्या कोपऱ्यात गठ्ठा असेलच असं नाही."

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर माझीही तीन प्रकरणं परत द्या. दोन खोल्या आहेत म्हणालात ना? दोन्ही रिकाम्या करून देते."

धमकी देताना माझा आवाज कापतो असं तू नेहमी म्हणायचीस. या वेळी कापला नाही. या पुस्तकातलं सर्वांत चांगलं प्रकरण माझं नाही, हेही मी त्याला न विचारता सांगितलं. आजवर आपण दोघींनी मिळून जे काही लिहिलं त्यात एवढं खरं एकही पान नाही, हे सांगितलं. आणि ते लिहिणारी माझी कोण लागते असं त्यानं विचारलं असतं तर तेही सांगायची माझी तयारी होती. त्यानं विचारलं नाही. म्हणाला, चार दिवस द्या.

नावाचं तू ठरव. प्रकरण जसंच्या तसं जाईल, त्यावर तुझं नाव असो वा नसो. नाव ठेवायला मी तुला गळ घालणार नाही. एवढंच सांगते, की पडल्यावर उठून बसून, डाव्या हातानं एकेक अक्षर दाबत, आपलंच पुस्तक कुठे चुकलं ते लिहायचं, आणि वर त्याचा उपयोग झाला म्हणायचं, हे करणारी माणसं मला फार माहीत नाहीत. मला ती माहीत आहे, याचाच मला तोरा आहे. तो कुणी उतरवायला येऊ नये.

तुझी नणंद


११ एप्रिल

प्रिय वहिनी,

संपादकानं चार दिवस मागितले आणि दुसऱ्याच दिवशी हो म्हणाला. घरी त्याच्या सासूबाईंना वाचून दाखवलं म्हणे. त्यांनी काय फेकलं ते त्यानं सांगितलं नाही.

मग मी सगळं बाड पुन्हा एकदा एआयला दिलं. काम या वेळी दुहेरी. बाकीची प्रकरणं एका सुरात आहेत ना, ते बघ. आणि जमिनीवरच्या प्रकरणात माझा सूर कुठे शिरला असेल तर तो दाखव, बाहेर काढायचा आहे. शिरला होता. टाइप तपासताना मी तुझ्या एका लांब वाक्याचे सवयीनं दोन तुकडे केले होते, 'सवयही राहिली नव्हती' तिथे. आणि 'बुडाखाली'चं 'अंगाखाली' केलं होतं, सभ्यपणानं. दोन्ही पूर्ववत केले. तुझं बूड तुला परत.

त्यानं खाली आणखी एक गोष्ट लिहिली होती, आणि ती मी शेवटपर्यंत वाचली. जुनी, दोन हातांची रीत पुस्तकात आणखी दोन ठिकाणी सांगितलेली आहे, 'पलंग' प्रकरणात आणि 'जिना' प्रकरणात. नव्या प्रकरणाशी ती आता जुळत नाही. एका पानावर रीत चुकली म्हणायचं आणि दुसऱ्या पानावर तीच शिकवायची, असं झालं असतं. जुन्या प्रकरणांना हात लावायचा नाही असं आपण म्हटलं होतं. लावला. दोन्हीकडे तुझी रीत घातली आणि तुझ्या पानाकडे बोट दाखवलं. सूर एक असावा म्हणून मी एवढा आटापिटा केला. खरं एक असायला हवं होतं, ते आत्ता झालं.

तुला तपासायला पाठवलेली मुद्रितं काल परत आली, तुझ्या खुणांसकट. सोबत पत्र नव्हतं. पाकीट तीनदा झटकलं मी.

मुखपृष्ठाच्या नमुन्यावर तू नाव खोडलेलं नाहीस. आमचं आडनाव खोडलंस आणि तुझं लिहिलंस. बघत बसले. दोन नावं, दोन आडनावं. आता बहिणी म्हणून कुणी समजणार नाही. संपादकानं फोन करून विचारलं, लेखिकांच्या परिचयात तुमचं नातं काय लिहायचं? मी म्हटलं, काही लिहू नका. पुस्तक एकीनं लिहिलेलं नाही हे दिसतंय, तेवढं पुरे.

आईच्या हातात नमुना दिला. तिनं तुझ्या आडनावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे हिचं माहेरचं?" हो म्हटलं. "चांगलं मोठं आहे की. आमचं आखूड."

मग आतली पानं उलटली. तू माझ्या 'बाथरूम' प्रकरणावर जवळजवळ खुणा केलेल्या नाहीत, याचा मला थोडा अपमानच वाटला. नंतर शेवटच्या पानावर सापडली. मी लिहिलं होतं, 'भिंतीला कंबरेच्या उंचीवर दांडा लावा.' त्याच्यासमोर समासात तुझी पेन्सिल: 'कुणाच्या कंबरेच्या, वन्सं?'

चूक मोठी आहे. इतकी वर्षं मी दांडे लावते, माप माझ्याच कंबरेचं धरते, आणि माझी उंची सगळ्यांची नसते. दुरुस्त केली: 'दांडा तुमच्या कंबरेच्या उंचीवर हवा. भिंतीपाशी उभे राहा आणि कुणाला तरी मोजायला सांगा.' ती ओळ मी आवाजासाठी कुणाला दाखवली नाही. तुझ्या प्रश्नातला शेवटचा शब्द मात्र संपादकाला दिसायच्या आत खोडरबरानं पुसला. तो छापायचा नाही. तो मी वाचलाय.

तुझ्या बाथरूममध्ये दांडा नाही, हे तुझ्या प्रकरणातून मला कळलं. असता तर तू तो धरला असतास. शनिवारी सकाळी येते. पाहुणी म्हणून नाही, कामाला. दोन दांडे, पट्टी आणि ड्रिल माझं मी आणते. तू फक्त भिंतीपाशी सरळ उभी राहा, टाचा वर न करता.

आणि भिंत विटेची आहे की पोकळ, ते बोटानं वाजवून बघ आणि आजच कळव. पोकळ असेल तर स्क्रू वेगळे घ्यावे लागतील.

तुझी नणंद